‘कलाकार’ या रकान्यातली रेघ

१६ मे १९२९ रोजी, पुढे ऑस्कर या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या चित्रपट-पारितोषिकांचे पहिले वितरण झाले आणि ते सुमारे पंधरा मिनिटांत आटोपले. ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येते. गेल्या वर्षी मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी दुपारी टाचबाईंनी घरच्या टीव्हीवर जो चित्रपट-पारितोषिकांचा सोहळा पाहिला, तो जाहिराती धरून चार तास दहा मिनिटे चालला आणि त्यात ध्वनीच्या पारितोषिकाच्या वाट्याला चौतीस सेकंद आले. हा आकडा टाचबाईंच्या वहीतला आहे. वहीला दुसरा साक्षीदार नाही. परंतु ती लिहिणाऱ्या बाईने एकतीस वर्षे सेकंदाचा तुकडा चुकवायचा नाही अशाच कामावर काढली, हे लक्षात घेता आकडा बरोबर मानायला हरकत नसावी.

काम चालण्याचे होते. चित्रीकरणाच्या वेळी यंत्रात संवाद नीट उतरतो, पाऊल उतरत नाही. म्हणून पुढे एका बंद खोलीत कोणीतरी पडद्याकडे पाहत, नायिकेच्या पायात पाय मिसळून चालावे लागते. त्या खोलीच्या जमिनीवर चौकोन आखलेले असत: एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात खडी, एकात वाळू. भिंतीशी मांडणीवर बुटांचे आणि चपलांचे बावीस जोड, प्रत्येकाला क्रमांक. सळसळणारे कपडे चालत नसत, हातातले घड्याळ दाराबाहेर काढून ठेवावे लागे, आणि पोट गुरगुरू नये म्हणून दर दोन तासांनी काहीतरी खाऊन यावे लागे. या खोलीत दोन बाया चालत. एकीची टाच जमिनीवर ठाम पडे, ती टाच. दुसरी जन्मजात चवड्यांवर चालणारी, तो चवडा. ध्वनिमुद्रक काचेपलीकडून ओरडायचे, “टाच आत ये, चवडा बाहेर थांब!” आणि दारात नव्याने आलेल्या माणसाला वाटायचे, आत कोणाच्या पायावर शस्त्रक्रिया चालली आहे.

टाचबाई आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी दर वर्षी तो सोहळा पाहण्याचा आणि पाहताना संतापण्याचा नेम धरला. गेल्या वर्षीपर्यंतच्या एकोणीस वर्षांच्या नोंदी एकाच वहीत आहेत. पहिल्या पानावर, पहिल्या वर्षी, ध्वनीला बावन्न सेकंद मिळाले होते. पुढे एकदाही तितके मिळाले नाहीत. एका वर्षापुढे फक्त “जाहिरात चालू असताना उरकले” असे लिहिले असून त्याखाली दोनदा रेघ ओढली आहे. दुसऱ्या रेघेला कागद फाटला आहे.

त्या रविवारी खोलीत तिघे होते. टाचबाई खुर्चीत ताठ, मांडीवर वही. त्यांचे पती, बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले कंडक्टर, पलंगावर उशीला टेकून, हाती रिमोट. आणि समोरच्या घरातली शेजारीण, जी केवळ कपडे पाहायला येई आणि तसे मोकळेपणाने सांगे.

“ऐका,” टाचबाई म्हणाल्या, “आता खोकेल.”

टाळ्यांच्या कडकडाटात कोणीतरी खोकले.

“आता मोजा. अकरा सेकंद.” अकराव्या सेकंदाला तोच माणूस तसाच खोकला. “एक टाळ्यांचा तुकडा घेतलाय आणि सारखा फिरवतायत. हजार माणसं बसलीयत समोर, टाळ्या वाजवायला त्यांना हात नाहीत का? टाळ्यासुद्धा उष्ट्या!”

“लेकीच्या दुकानातून त्याला खोकल्याची बाटली पाठवून दे,” कंडक्टर म्हणाले. “दुपारपासून बिचारा एकटाच खोकतोय.” त्यांची लेक औषधांचे दुकान चालवते.

“तुम्हाला थट्टा सुचते.”

“मग काय करू? तुझ्यासारखा टीव्हीशी भांडू? तो ऐकतो का?”

पडद्यावर एका मंजनाच्या नावाने सर्वोत्कृष्ट हास्याचे पारितोषिक जाहीर झाले. विजेती मंचावर पोहोचेपर्यंत एक मिनिट दहा सेकंद, तिचे आभार तीन मिनिटे, आणि निवेदकाने तिच्या दातांवर केलेला विनोद पुन्हा एक मिनिट.

“दात मात्र खरंच सुंदर आहेत हो,” शेजारीण म्हणाली.

“दातांना पाच मिनिटं दहा सेकंद!” टाचबाईंनी वहीत लिहिले. “त्या बाईच्या तोंडून शब्द ऐकू येतो तो कोणामुळे? मागे यंत्रावर बसलेला माणूस कान देऊन ऐकतो म्हणून. त्याला मंजन नाही, दात नाहीत, म्हणून मिनिट नाही!”

मग तंत्रज्ञांची पाळी आली. सहाही विभागांच्या विजेत्यांना एकदम मंचावर बोलावून ओळीने उभे केले, आणि एक नटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पारितोषिकाच्या बाहुल्या वाटत गेली.

“बघा. बसमध्ये तिकिटं फाडावीत तशी वाटतेय.”

“ए, आमचं नाव घेऊ नकोस,” कंडक्टर उशीवरून उठून बसले. “आम्ही प्रत्येक उतारूला विचारायचो, कुठं जायचंय. ही कोणाच्या तोंडाकडेसुद्धा बघत नाहीये.”

त्यातल्या ध्वनीच्या विजेत्याच्या चित्रपटातला तुकडा दाखवला गेला. रुग्णालयाचा लांब व्हरांडा. एक उतारवयाची बाई पाठमोरी चालत जाते. संवाद नाही, संगीत नाही. एकोणीस पावले. प्रत्येक डाव्या पावलाला टाच टेकते आणि मग, उचलण्याआधी, अंगावरचे ओझे क्षणभर जमिनीला सांगावे तशी किंचित घासते.

टाचबाईंची पेन्सिल थांबली. “अहो, आवाज वाढवा,” त्या इतक्या हळू म्हणाल्या की कंडक्टरांनी थट्टा न करता आवाज वाढवला.

विजेता मखमली कोटातला, पस्तिशीचा. ध्वनिक्षेपक सहा जणांत एकच असल्याने त्याने तो हिसकावूनच घेतला. “या चित्रपटात सगळ्यात जास्त कौतुक झालं ते या पावलांचं,” तो म्हणाला. “खरं सांगतो, ती मी केलेली नाहीत. एका जुन्या संग्रहात सापडली. कोणाची, कोण जाणे. बेवारशी पावलं! ज्या कुणा अनामिक बाईची असतील, हे पारितोषिक तिचं.” टाळ्या. खोकला. वाद्यवृंदाने त्याचे पुढचे वाक्य बुडवले.

टाचबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“बेवारशी?” त्या उभ्या राहिल्या. “माझी पावलं बेवारशी?”

“म्हणजे ती तुमची?” शेजारीण गोंधळली. “अहो मग चांगलंच झालं की! हे पारितोषिक तिचं म्हणाला.”

“तिचं म्हणजे कोणाचं? मी इथे बसलेय! पत्ता आहे मला, दारावर पाटी आहे, दोन वेळा गिळते मी! स्टेशनवर सापडलेली पेटी आहे का मी, बेवारशी म्हणायला?”

“तुझीच कशावरून?” कंडक्टरांनी विचारले. प्रश्न वाईट हेतूने नव्हता. इतकी वर्षे पास तपासण्याची सवय होती.

टाचबाईंनी चपला घातल्या. त्या खिडकीपासून दारापर्यंत फरशीवर चालत गेल्या. डावे पाऊल: टेकले, आणि ओझरते घासले. नवव्या वर्षी जिन्यावरून पडून त्यांचा घोटा मोडला होता, आणि तो जुळताना जरासा वाकडा जुळला. ध्वनिमुद्रकांना ते ओझरते घासणे सोन्यासारखे वाटे. पडद्यावर थकलेली, हरलेली, दिवसभर उभी राहिलेली कोणीही बाई असली की ते म्हणायचे, टाचेला बोलवा.

शेजारणीने पडद्यावरच्या निळ्या झग्याकडे पाठ फिरवून त्यांना पुन्हा एकदा चालायला लावले आणि ती म्हणाली, “हुबेहूब.”

दुसऱ्या दिवशी टाचबाईंनी सोहळ्याच्या समितीला चार पानी पत्र लिहिले. लेकीने संध्याकाळी दुकानातून आल्यावर वाचले आणि विचारले, “आई, यात टाळ्यांबद्दल दीड पान आहे. ते काढू या?”

“का काढायचं? खोटं आहे का?”

“खोटं नाही, पण तुझं नाव तिसऱ्या पानावर येतंय.”

टाळ्या गेल्या, पत्र अडीच पानांचे झाले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. भाषा थंड, पण दार बंद केलेले नव्हते. स्टुडिओ बंद पडल्यावर त्याच्या ध्वनिफिती एका संग्रहालयाकडे गेल्या होत्या. संग्रहालयाने पावले अमुक व्यक्तीची असल्याचे नोंदीवर घेतले, तर समिती आपली यादी दुरुस्त करील आणि पुढच्या सोहळ्यात ते नाव पडद्यावर दाखवील. टाचबाईंनी पत्राची घडी घालून ती वहीत ठेवली. एकतीस वर्षांत एकशे चाळीसहून अधिक चित्रपटांत त्या चालल्या होत्या, आणि एकाही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. आता ते मिळण्यासाठी एक सही पुरणार होती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मायलेकी संग्रहालयात गेल्या. थंड खोली, लोखंडी मांडण्या, मध्ये लांब टेबल. पेन आत नेता येत नसे. दारातच काढून घेतले आणि पेन्सिल दिली. संग्रहपाल चाळिशीची, कमी बोलणारी बाई होती. बोलण्याआधी ती प्रत्येक गोष्ट दोनदा पाही. तिने पुठ्ठ्याची एक चपटी पेटी टेबलावर ठेवली. “विजेत्यांनी वापरलेली फीत ही. अशा पावलांच्या एकंदर त्रेचाळीस पेट्या आहेत.”

“आणि एकीवरही नाव नाही,” टाचबाई म्हणाल्या. “किती बेफिकीर माणसं! फरशीची नोंद, बुटाची नोंद, आणि चालणाऱ्या बाईची नाही. बूट काय आपोआप चालत होते? मला फक्त एवढंच बघायचंय, हे लेबल लिहिलं कोणत्या शहाण्याने.”

संग्रहपालने पेटी त्यांच्याकडे वळवली. छापील रकाने, आणि त्यांत शाईने भरलेला मजकूर. विषय: स्त्री, टाच. पृष्ठभाग: फरशी. गती: सावकाश. बूट: ७. कलाकार: आणि त्यापुढे पट्टी लावून मारलेली एक सरळ, नीटस रेघ. शेवटी तारीख.

“अक्षर सुंदर आहे,” संग्रहपाल म्हणाली. “त्रेचाळीसही पेट्यांवर एकच हात आहे. कोणाचा ते आम्हाला कळलेलं नाही.”

लेक पुढे वाकली. लहानपणी तिच्या प्रत्येक वहीवर याच हाताने नाव घातले होते.

“आई,” ती म्हणाली, “हे तर तुझं अक्षर.”

टाचबाईंना आठवले. खोलीतल्या सगळ्यांत त्यांचेच अक्षर चांगले, म्हणून लेबले लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. काम थंडावले की साठलेल्या पेट्या घेऊन त्या बसत. वादकांच्या फिती असल्या की ‘कलाकार’ या रकान्यात वादकाचे नाव, त्याच्या वाद्यासकट. पावलांच्या असल्या की रेघ. रकाना मोकळा सोडला तर घाईत राहिल्यासारखा दिसतो, म्हणून पट्टी लावून.

“साहेबांनीच सांगितलं असणार,” त्यांचा आवाज चढला. “ध्वनिमुद्रक होते ना आमचे, त्यांनी. पावलांना कसलं नाव, म्हणाले असतील. तसलेच होते ते!”

“सांगितलं असणार, की सांगितलं?” संग्रहपालने विचारले. तिच्या हातात पेन्सिल होती.

टाचबाईंनी त्या रेघेवर बोट ठेवले. “आठवत नाही,” त्या म्हणाल्या. मग, “बुटाचा क्रमांक लिहिला मी. सात. किती ठळक लिहिलाय बघा. बूट हरवेल म्हणून भीती वाटली. स्वतःची नाही वाटली.” आणि मग त्या स्वतःवरच अशा बरसल्या, की आजवर कोणा निवेदकावर तसे बरसल्याचे वहीत सापडत नाही. “एकोणीस वर्षं टीव्हीसमोर बसून मी लोकांना नावं ठेवतेय. सेकंद मोजतेय. आणि मुळात दार लावून घेणारी मीच! कोणी हात धरला होता माझा? लिहायला किती वेळ लागला असता? रेघेलासुद्धा पट्टी शोधावी लागली असेल!”

“पण म्हणूनच अर्ज आहे ना,” लेक समजुतीने म्हणाली. “आता लिही. झालं.”

अर्ज एका पानाचा होता. ‘सदर ध्वनिमुद्रणातील कलाकार’ यापुढे मोकळी जागा, आणि खाली बारीक टीप: एकाच व्यक्तीचे पूर्ण नाव लिहावे. संग्रहपाल म्हणाली, “आधी एकदा ऐका. ऐकल्याशिवाय मी सही घेत नाही.”

टाचबाईंनी कानांवर हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. टेबलाखाली त्यांचे पाय हलू लागले. फितीवर एकूण चाळीस पावले होती; चित्रपटात त्यांतली एकोणीस घेतली होती. टेक, ओझरते घासणे. टेक, ओझरते घासणे. शेवटच्या पावलानंतर एका बाईच्या हसण्याची सुरुवात, आणि ती तोडलेली.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर समाधान नव्हते. “तारीख काय आहे?” त्यांनी विचारले.

लेकीने वाचली आणि बोटांवर मोजले. “माझ्या जन्मानंतर अकरा आठवडे. तू कामावर कधी गेलीस परत?”

“दहा आठवड्यांनी.”

“मग झालं की! तू हजर होतीस. तुझीच.”

संग्रहपालने मान डोलावली. कागदोपत्री तसेच दिसत होते. अर्ज भरून घेण्याइतका पुरावा तिथे होता, आणि तो खोडून काढणारी एकच गोष्ट होती, जी कोणत्याही कागदावर नव्हती.

“ती तारीख लेबल लिहिल्याची आहे,” टाचबाई म्हणाल्या. “चालण्याची नाही. मी परत आले तेव्हा तीन महिन्यांच्या पेट्या साठल्या होत्या, आणि मी रजेवर जाण्याआधीच्या माझ्याही काही त्यांत होत्या. तो पहिला आठवडा मी फक्त लेबलं लिहिली. सगळ्यांवर त्याच आठवड्याची तारीख.”

“मग त्या तीन महिन्यांत कोण चाललं?”

“चवडा.”

“पण आई, ही टाच आहे. घासतेय. चवडामावशी तर मांजरासारखी चालायची. स्वयंपाकघरात कधी आली ते कळायचं नाही.”

तेव्हा टाचबाईंनी ते सांगितले. आठवा महिना लागला तेव्हा एक चित्रपट अर्धा झाला होता. नायिका पहिल्या निम्म्यात टाचबाईंच्या पायांनी चालली होती आणि उरलेल्या निम्म्यात तिची चाल बदलून चालणार नव्हते. म्हणून त्या स्टुलावर पोट सांभाळत बसल्या आणि चवड्याला चालायला शिकवले. “टाच टेक. नाही, अशी नाही, ठोकू नकोस. टेक. आता हातात जड पिशवी आहे, घर अजून लांब आहे. ओढ. इतकी नको, लंगडी नाहीये ती. थकलीय.” चवडा म्हणाली, “तुझा मोडका घोटा मला उसना दे, एका दिवसात करून दाखवते.” तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ध्वनिमुद्रक पाठमोरे बसून ऐकत होते. ते न वळताच म्हणाले, “टाच, आज बरं नाही का? घरी जा हवं तर.” त्यावर दोघी इतक्या हसल्या की मुद्रण थांबवावे लागले.

“बूट सात दोघींना व्हायचा,” टाचबाई म्हणाल्या. “हे हसू तिचं असेल, नाहीतर माझं असेल. आम्ही हसायचोही एकमेकींसारख्या.”

“असेल, नाहीतर असेल,” लेकीचा धीर सुटला. “आई, इतक्या वर्षांनी कोण विचारायला येणारेय? तू आयुष्यभर चाललीस. ही चाल तुझ्या पायाची, तुझ्या घोट्याची. तिने केली असली तरी नक्कल तुझीच केली ना?”

“नक्कल केली, पण पाय तिने दुखवले.”

“तुम्ही सही केलीत,” संग्रहपाल सावकाश म्हणाली, “तर कोणी हरकत घेणार नाही. हे मला सांगितलं पाहिजे.”

“हरकत घेणारी चार वर्षांपूर्वी गेली, म्हणून,” टाचबाई म्हणाल्या.

चवडाबाईंनी एकही सोहळा कधी पाहिला नाही. टाचबाईंनी फोन करून बोलावले की म्हणायच्या, “तू बघ आणि मला शिव्या तेवढ्या सांग. मला चुकून कधी मंचावर बोलावलंच तर मी चपला हातात घेऊन जाईन. उगाच कोणाच्या भाषणात माझा आवाज नको.”

टाचबाईंनी अर्ज पुढे ओढला. बारीक टिपेतला ‘एकाच’ हा शब्द त्यांनी पेन्सिलीने खोडला, इतका जोर देऊन की टोक मोडले.

“बाई, तो छापील अर्ज आहे,” संग्रहपाल म्हणाली.

“लेबलही छापीलच होतं. तेव्हा मी गप्प बसून रेघ मारली. आता मारणार नाही. दुसरी पेन्सिल द्या.”

मोकळ्या जागेत त्यांनी दोघींची पूर्ण नावे लिहिली, वळणदार अक्षरात, एकाखाली एक. ज्यांना ती नावे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी कंसात स्टुडिओतली नावे: टाच, चवडा. खाली लिहिले, “या दोघींपैकी एक. कोण, हे मी सांगू शकत नाही.” आणि सही केली. परतीच्या वाटेवर लेक म्हणाली, “तुझं नाव आता पडद्यावर येणार नाही, कळतंय ना तुला?”

“कळतंय. म्हणून तर चीड येतेय.”

पुढचे आठ मंगळवार त्या एकट्या जात राहिल्या. संग्रहालयाच्या नोंदीप्रमाणे त्यांनी त्रेचाळीसही पेट्या ऐकल्या. एकोणीस स्वतःच्या म्हणून सांगितल्या. त्यांतले बूट चवडाबाईंच्या पायात शिरतच नसत. अकरा चवडाबाईंच्या, चवड्यांवरच्या किंवा अनवाणी. उरलेल्या तेरा पेट्यांत फरशी, बूट सात आणि ते ओझरते घासणे. त्यांपैकी एकही टाचबाईंनी स्वतःच्या नावावर घेतली नाही. प्रत्येक पेटीत आता पेन्सिलीने लिहिलेली वेगळी चिठ्ठी आहे, त्या दिवसाच्या तारखेसह. लेबलांवरच्या रेघा तशाच आहेत. टाचबाईंना त्या खोडायच्या होत्या, पण संग्रहपालने साफ नकार दिला. “चूकसुद्धा नोंदच असते,” ती म्हणाली. यावरून दोघींचे कडाक्याचे भांडण झाले आणि पुढच्या मंगळवारी दोघींनी त्याचा उल्लेख केला नाही.

समितीचे उत्तर सप्टेंबरमध्ये आले. दोन पर्यायी नावे विचारात घेता येत नाहीत. सबब नोंद ‘अज्ञात’ अशी ठेवण्यात येत आहे.

“अज्ञात!” टाचबाईंनी पत्र कंडक्टरांपुढे नाचवले. “दोन बायकांची नावं दिलीत यांना, आडनावासकट! दोघीही ज्ञात आहेत. अज्ञात एवढंच आहे, की त्या दुपारी बुटात पाय कोणाचे होते. तेवढं जरी छापलं असतं!”

“दोन तिकिटं दाखवली तर म्हणतायत उतारूच नाही,” कंडक्टर म्हणाले, आणि या वेळी तेही हसले नाहीत. “लिही परत. मी टपालात टाकून येतो.”

दुसरे पत्र त्यांनी ऑक्टोबरात टाकले, तिसरे जानेवारीत. यंदाच्या मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी टाचबाई पुन्हा वही घेऊन खुर्चीत बसल्या. सर्वोत्कृष्ट हास्याला या वेळी चार मिनिटे मिळाली, ध्वनीला एकोणतीस सेकंद. गेल्या वर्षीच्या चुकांची कोणतीही दुरुस्ती पडद्यावर आली नाही. टाळ्यांचा तुकडा मात्र बदलला होता. त्यात कोणी खोकत नव्हते, दर चौदा सेकंदांनी शिंकत होते. शेजारणीने आपण होऊन ते मोजले आणि टाचबाईंच्याही आधी ओरडली, “लबाड कुठले!”

यंदाच्या पानावर वहीत दोन ओळी आहेत. पहिलीत सेकंदांचा आकडा. दुसरीत चवडाबाईंचे नाव, आणि त्यापुढे, “तुला सांगायच्या शिव्या बऱ्याच साठल्यात.”

तिसऱ्या पत्राला हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. पावलांच्या लेबलांवर नाव घालू नये असे ध्वनिमुद्रकांनी सांगितले होते, की ती रेघ टाचबाईंनी आपल्याच मनाने मारली, हे समजण्याला मार्ग नाही. ध्वनिमुद्रक हयात नाहीत आणि टाचबाईंना आठवत नाही. रोजच्या कामाची पत्रके स्टुडिओ बंद होताना रद्दीत गेली. रुग्णालयाच्या व्हरांड्यातली ती एकोणीस पावले दोघींपैकी कोणाची, हे माहीत नाही.